एकनाथांच्या घरचे श्राद्ध : एका कथेच्या वाचनाची चिकित्सा

संतचरित्रांतील काही कथा इतक्या परिचित होतात की त्या पुन्हा वाचून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. पैठणच्या एकनाथमहाराजांच्या घरी पितृश्राद्धाच्या दिवशी घडलेली कथा ही त्यांपैकी एक होय. श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला आहे. ब्राह्मणांस क्षण दिलेला आहे. इतक्यात रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांस त्या अन्नाचा वास येतो व असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. एकनाथ ते ऐकतात आणि त्यांना मुलाबाळांसह घरात बोलावून जेवू घालतात. गिरिजाबाई सारवण व स्नान करून पुन्हा नवा स्वयंपाक करतात, परंतु ब्राह्मण भोजनास येण्याचे नाकारतात. तेव्हा एकनाथांच्या प्रार्थनेवरून प्रत्यक्ष पितरच देह धारण करून पानांवर येऊन बसतात. सर्वसाधारणपणे सांगितली जाते ती कथा अशी.

गेल्या शतकात ह्या कथेचे जे वाचन रूढ झाले ते थोडक्यात असे की, एकनाथांनी येथे कर्मकांडापेक्षा माणुसकी श्रेष्ठ ठरविली व मेलेल्यांपेक्षा जिवंतांची भूक महत्त्वाची मानली. हे वाचन शालेय पुस्तकांत, कीर्तनांत व व्याख्यानांत इतके स्थिरावले आहे की त्यावर शंका घेणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. तथापि कथा तसे म्हणत नाही. मृतांस अन्न पोहोचत नाही, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. रामायणाच्या अयोध्याकांडात जाबालीने तो रामापुढे मांडला आहे. चार्वाकमताचा सारांश देताना सर्वदर्शनसंग्रहकारांनीही तो नोंदविला आहे : येथे जेवू घातलेले परलोकी गेलेल्यास पोहोचत असेल, तर प्रवासास निघालेल्यास शिदोरी तरी कशासाठी द्यावी? एकनाथांची कथा ह्या पक्षाच्या नेमकी उलट टोकास उभी आहे. तिच्यात पितर आहेत, त्यांना भूक आहे, ते येतात आणि जेवतात. श्राद्धाच्या सत्यतेची ह्याहून ठळक ग्वाही धर्मशास्त्राच्या कोणत्याही निबंधात सापडणार नाही. तेव्हा कथेत नाकारले गेले ते श्राद्ध नव्हे. मग काय नाकारले गेले, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी श्राद्धाची घडण थोडी पाहिली पाहिजे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की निमंत्रित ब्राह्मणांच्या ठिकाणी पितर उपस्थित असतात. वायूप्रमाणे ते त्यांच्यामागून जातात व ते बसले की त्यांच्याजवळ बसतात. अन्न ऊन आहे आणि ब्राह्मण मौनाने जेवीत आहेत तोवर पितर जेवतात, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे ब्राह्मण हा श्राद्धातील केवळ दानपात्र पाहुणा नव्हे. तो पितरांच्या बसण्याची जागा आहे. म्हणूनच देवकार्यात ब्राह्मणाची परीक्षा पाहू नये, पितृकार्यात मात्र ती यत्नपूर्वक पाहावी, असा दंडक घातला गेला. आणि मग वर्ज्य ब्राह्मणांची जी लांबलचक यादी येते तिच्यात वैद्यालाही स्थान मिळाले. (आजारपणात ज्याच्यावाचून चालत नाही तो पंक्तीला चालत नाही, ह्यातील विसंगती स्मृतिकारांस जाणवली नसावी.)

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. प्राचीन चीनमध्ये पितृयज्ञाच्या वेळी मृताच्या जागी एका जिवंत व्यक्तीस, सामान्यतः नातवास, बसवीत. त्यास ‘शी’ म्हणत. मृताला अर्पण केलेले अन्न व मद्य तो मृताच्या वतीने ग्रहण करी आणि मुलगा आपल्याच मुलापुढे वडील म्हणून नम्र होई. पुढे ही चाल लोपली व नाव लिहिलेली लाकडी पाटी पितराचे स्थान घेऊन बसली. दोन्ही ठिकाणी मूळ अडचण एकच : जो दिसत नाही त्याला जेवू घालावयाचे, तर कोणाचे तरी तोंड उसने घ्यावे लागते. चिनी परंपरेने ते आपल्याच वंशातून घेतले. आपल्या धर्मशास्त्राने ते वंशाबाहेरून, विद्या व आचार पारखून घेतले. ह्या एका फरकाचे सामाजिक परिणाम मोठे आहेत. नातू भोजनाचे निमंत्रण नाकारून आजोबांस उपाशी ठेवील हे संभवनीय नाही, पण परकी पंक्ती उठून जाऊ शकते. पैठणच्या कथेतील पेच ह्याच शक्यतेतून जन्माला येतो.

आता मनुस्मृतीतील आणखी एक वचन पाहावे. श्राद्धभोजन चालू असता चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा इत्यादींची दृष्टी त्यावर पडू नये, असे सांगून स्मृतिकार पुढे कोण कशाने अन्न दूषित करतो ह्याची वाटणी करतात : डुक्कर वास घेण्याने, कोंबडा पंखांच्या वाऱ्याने, कुत्रा दृष्टीने आणि हीनवर्णीय स्पर्शाने. कथेतला अन्नाचा वास ह्या वचनाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे कथाकारांची सूक्ष्मता ध्यानात येते. शास्त्रात बाहेरच्याचे घ्राण हे अन्नाच्या नाशाचे कारण आहे. कथेत तेच घ्राण निमंत्रणाचे कारण होते. ही उलटापालट जाणूनबुजून केलेली आहे की लोककथेच्या सहजबुद्धीने साधली आहे, हे सांगणे कठीण. पण ती तेथे आहे, ह्यात संशय नाही.

कथेचे मर्म ओळखण्यास दुसरी एक कथा साह्य करते. ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली असता, ज्या घरी त्यांचा मुक्काम होता तेथील श्राद्धास ब्राह्मण येईनात; तेव्हा ज्ञानेश्वरांनी त्या घरच्या पितरांस प्रत्यक्ष बोलावून जेवू घातले, अशी परंपरा आहे. गाव तेच, प्रसंग तोच, चमत्कारही तोच. बदलले आहे ते बहिष्काराचे निमित्त. तेथे संन्याशाची मुले, येथे अंत्यज. ज्या दोन कथांत एवढे समान आहे त्यांचा अर्थ, त्यांतील जे बदलते त्यावरून न काढता, जे स्थिर राहते त्यावरून काढणे युक्त होय. स्थिर आहे तो मध्यस्थाचा नकार आणि त्या नकाराचे निष्फळ होणे.

येथे एक आक्षेप येईल व तो घेण्याजोगा आहे. ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाचा बटू मांडून श्राद्ध उरकण्याची सोय शास्त्रानेच केलेली आहे. मराठीत त्यास चटश्राद्ध म्हणतात. शिवाय आमश्राद्ध आहे, हिरण्यश्राद्ध आहे. मग चमत्काराचे कारण काय? माझ्या मते चटाची वाट कथेने सोडली, ह्यातच तिची भूमिका दिसते. चट मांडला असता तर ब्राह्मणांची जागा रिकामी राहिली असती, पण त्यांचीच राहिली असती. पितर स्वतः बसले म्हणजे ती जागा मुळात कोणाची, हे उघड होते.

एकनाथांच्या स्वतःच्या ग्रंथाकडे वळले की गुंता वाढतो. इ. स. १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झालेले एकनाथी भागवत हे भागवताच्या एकादश स्कंधावरील भाष्य. त्या स्कंधाच्या पाचव्या अध्यायात करभाजन निमिराजास सांगतो की सर्वभावे मुकुंदास शरण गेलेला मनुष्य देवांचा, ऋषींचा वा पितरांचा ऋणी राहत नाही. ह्या श्लोकावर ज्याने टीका लिहिली त्याच्या घरी श्राद्ध व्हावेच का? परंपरेनुसार एकनाथांचे आईवडील त्यांच्या बालपणीच निवर्तले व आजोबांनी त्यांस वाढविले. न आठवणाऱ्या वडिलांची तिथी पाळणारा गृहस्थ ही गोष्ट, पितृऋण फिटले असल्याच्या सिद्धांताने उलगडत नाही. माणूस ऋण नसतानाही वडिलांना पान वाढू शकतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ‘जातिनिर्मूलन’ ह्या १९३६ सालच्या निबंधावर गांधीजींनी टीका केली तेव्हा दिलेल्या उत्तरात डॉ. आंबेडकरांनी एकनाथांचा प्रश्न स्पष्टपणे हाताळला. एकनाथांनी अस्पृश्यांस शिवण्याचे व त्यांच्यासह जेवण्याचे धैर्य दाखविले ते जातिभेदास विरोध म्हणून नव्हे, तर तो विटाळ गंगास्नानाने धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून, असे सांगून त्यांनी एकनाथी भागवतातील ओवीचा आधार दिला. हा आक्षेप भाविक अभ्यासक बहुधा टाळतात. तो टाळू नये. मात्र येथे दोन भिन्न वस्तूंची गल्लत दोन्ही बाजूंनी होते, हे नमूद केले पाहिजे. ओवी एकनाथांची आहे. कथा आपणांस मिळते ती चरित्रकारांकडून. महीपतींचा भक्तिविजय १७६२ चा, भक्तलीलामृत १७७४ चे. एकनाथांच्या १५९९ मधील निर्वाणानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटलेला. ओवीवरून कथेस खोटे ठरविता येत नाही, तसेच कथेवरून ओवी झाकता येत नाही. जॉन क्यून ह्यांनी ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ (२०२१) ह्या ग्रंथात अशा कथांची जुन्या चरित्रांपासून नाटक-चित्रपटांपर्यंतची स्थित्यंतरे तपासली आहेत. कथा एकच नसून प्रत्येक काळाने ती आपल्या प्रश्नांनुसार सांगितली, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

तरीही डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मुख्य मुद्द्यावर टिकतो, आणि तो कथेच्या रचनेतूनच सिद्ध करता येतो. अंत्यज जेवतात, तृप्त होतात, आशीर्वाद देतात व कथेतून निघून जातात. त्यानंतरचा सारा झगडा एकनाथ आणि ब्राह्मण ह्यांच्यातला आहे. पितर येतात ते एकनाथांच्या बाजूने साक्ष देण्यास. ज्यांच्यामुळे हे घडले ते निकाल ऐकण्यास हजर नाहीत. सारवण करून स्वयंपाक पुन्हा करावा लागला, ही गोष्टही कथेने निमूटपणे मान्य केली आहे. पितरांच्या पानात पडले ते दुसरे अन्न.

जेवून गेलेल्या त्या लोकांनाही बाप-आजे होते, ह्याचा उल्लेख मला आढळलेल्या कोणत्याही सांगण्यात नाही. पण ग्रामीण महाराष्ट्रात भाद्रपदाच्या वद्य पक्षात अनेक ब्राह्मणेतर घरांतून म्हाळ घालतात. तेथे भाऊबंदांपैकी किंवा शेजारपाजारच्या कोणास जेवावयास बोलावतात, त्या दिवसापुरते त्यालाच ‘पितर’ म्हणतात, आणि कावळ्याला घास ठेवून त्याचे पान वाढतात.