फुलं आली, बोटं कुठं गेली?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास हसतो. "म्हणजे फोनवर फोटो काढायचे आणि त्याची डॉक्टरेट मिळवायची?" तसं नाहीये हो. जाता-येता लोक शहराचे जे साधे फोटो फोनवर काढतात, ते घडतात कसे आणि त्यांत शहराचं काय उरतं, हा माझा विषय. त्यातला एकच मुद्दा आज तुम्हाला सांगते. सांगता सांगता आपल्या सगळ्यांच्या फोटोंवर, म्हणजे माझ्याही, थोडी टीका करणार आहे. राग मानू नका.

सुरुवात दादरला झाली. पश्चिमेला, स्टेशनबाहेर, संध्याकाळी सातनंतर एक मावशी गजरे ओवत बसल्या होत्या. डोक्यावर एक दिवा, पुढ्यात झेंडूचा ढीग, मागे बंद दुकानाची पाटी. "फोटो काढू का?" विचारलं. "काढ की," म्हणाल्या, पण हात काही थांबवले नाहीत. फोटो मला झकास वाटला. झेंडूची पाकळी न् पाकळी वेगळी दिसत होती, पाटीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. कौतुकाने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "फुलं चांगली आलीत गं. पण माझी बोटं कुठं गेली?"

खरंच की! बोटांच्या जागी वितळलेल्या मेणासारखं काहीतरी होतं. ज्या कामासाठी मी फोटो काढला, तेच नेमकं फोटोत नव्हतं.

असं का झालं? आपली समजूत अशी की बटण दाबलं की त्या क्षणाचा फोटो निघतो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये तसं होत नाही. कॅमेरा नुसता उघडा असला तरी फोन एकामागून एक फ्रेम टिपून तात्पुरत्या जवळ ठेवत असतो. उजेड भरपूर असेल तर बटण दाबल्यावर त्याच साठ्यातल्या फ्रेम उचलल्या जातात. म्हणजे तुमचा फोटो तुम्ही बटण दाबण्याच्या किंचित आधीचा असू शकतो! अंधारात उलटं होतं. बटण दाबल्यानंतर फोन थोडा वेळ फ्रेम गोळा करत राहतो आणि मग त्यांचा मिळून एक फोटो बनवतो.

हे का करावं लागतं, ते गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली त्यांच्या 'एचडीआर प्लस' पद्धतीवरच्या निबंधात नीट मांडलं आहे. फोनची लेन्स बारकी, आतला सेन्सरही बारका. त्यावर उजेड थोडाच पडतो, आणि उजेड कमी पडला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. यावर उपाय साधा आहे. एक घटना आठ जणांनी पाहिली असेल तर आपण काय करतो? आठही जणांच्या सांगण्यात जे सारखं येतं ते खरं धरतो, बाकीचं सोडून देतो. फोन आठ फ्रेमना हेच विचारतो. झेंडू आठही फ्रेममध्ये तिथेच आहे, पाटी तिथेच आहे. त्यांचं चित्र पक्कं होतं.

पण मावशींची बोटं प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीकडे. साक्षी जुळत नाहीत. सगळ्या एकत्र केल्या तर एका हाताला वीस बोटं दिसतील. म्हणून अशा जागी फोन एकाच फ्रेमवर विसंबतो. तिथे दाणे उरतात. मग ते दाणे पुसायला त्या भागावरून गुळगुळीत हात फिरवला जातो, आणि मेण तयार होतं. तंत्र म्हणून ही तडजोड अगदी शहाणपणाची आहे, हे कबूल. पण तिचा अर्थ काय होतो बघा. जे स्थिर आहे त्याला सगळ्या फ्रेमचा फायदा मिळतो. जे हलतं त्याच्या वाट्याला एक फ्रेम आणि वर पुसापुशी. आणि शहरात हलतं कोण? काम करणारी माणसं. इमारती तर कुठे जात नाहीत.

आता फोटोग्राफीच्या इतिहासातलं एक नामांकित उदाहरण याच्या शेजारी ठेवते. १९३२ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे एक फोटो काढला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, त्याची टाच पाण्याला टेकायच्या बेतात आहे. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्येही एक आकृती तशीच झेपावलेली. हा फोटो शेकडो वेळा पाहिला असेल, पण माझं एका गोष्टीकडे लक्षच गेलं नव्हतं: उडी मारणारा माणूस धूसर आहे. मागचं कुंपण, पाणी, छपरं स्पष्ट, माणूस अस्पष्ट. म्हणजे माझ्या दादरच्या फोटोसारखंच? नाही. तिथे धूसरपणातून वेग कळतो. तो माणूस खरोखर हवेतून गेला, त्याची ती खूण आहे. माझ्या फोटोतलं मेण ही हालचालीची खूण नाही. ती खूण पुसल्यावर राहिलेला डाग आहे.

याच कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ सालचं पुस्तक इंग्रजीत 'द डिसायसिव्ह मोमेंट' म्हणून गाजलं. 'निर्णायक क्षण' हा शब्द तिथूनच आपल्या कानावर पडत आला. पण मूळ फ्रेंच नाव वेगळं आहे: 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' हे फ्रेंचमध्ये कुणाबद्दल म्हणतात माहितीये? परवाना नसलेल्या फेरीवाल्यांबद्दल! घाईघाईत, एक डोळा रस्त्यावर ठेवून, पळायच्या तयारीत केलेली विक्री. दादरला म्युन्सिपालिटीची गाडी आली की चादरीची चार टोकं धरून माल उचलणारा माणूस आठवा, अर्थ लगेच कळेल. इंग्रजी नावाने फोटोग्राफरला क्षणाचा स्वामी केलं. फ्रेंच नावाने त्याला फेरीवाल्याच्या पंगतीला बसवलं होतं. मला दुसरं जास्त पटतं.

"म्हणजे जुने कॅमेरे खरे आणि फोन खोटा?" असं विचाराल तर नाही. साँ-लाझारचा तो फोटोसुद्धा कडेने कापलेला आहे. कृष्णधवल फिल्म तर जगाचे सगळे रंगच काढून टाकत होती. आणि रघुबीर सिंग यांचं १९९४ सालचं 'बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया' घ्या. ते रंगीत स्लाइड फिल्मवर काम करत. त्या फिल्मवर सावली पडली की गडद काळी पडते. पण सिंग यांनी ही अडचण कामाला लावली. काचा, प्रतिबिंबं, दारं, मध्येच अंधाराचा तुकडा, त्यामुळे एकाच चौकटीत चार-पाच घटना एकमेकींत न मिसळता नांदतात. तुमची नजर उजेडातून उजेडात उड्या मारत जाते. आता तसंच दृश्य फोनने टिपा. फोन सावल्या उचलून उजळ करतो, प्रखर उजेड खाली दाबतो. सगळं सारखंच दिसतं आणि म्हणून कशाकडेच बघावंसं वाटत नाही. माझ्या फोनमधले बाजाराचे निम्मे फोटो असेच आहेत.

फरक असा, की सिंग यांना आपली फिल्म काय करते हे ठाऊक होतं. आपण मात्र फोनने केलेली निवड आपलीच समजतो. आणि ती निवड लाखो लोकांच्या फोटोंत एकाच पद्धतीने होते.

यात बिघडतं काय? एक उदाहरण देते. २०१५ साली मरिन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईत केवढा वाद झाला होता! 'राणीच्या हाराचा' रंगच गेला म्हणून लोक हळहळले, आणि पुढे पिवळसर उजेड परत आणला गेला. म्हणजे उजेडाचा रंग ही शहराची आठवण असते, भांडण्याइतकी महत्त्वाची. आणि फोनमधलं 'ऑटो व्हाइट बॅलन्स' काय करतं? उजेडातली पिवळी झाक हा दोष समजून ती कमी करायला बघतं. उद्या कुणी अभ्यासक आपल्या फोटोंवरून ठरवू लागला की अमुक गल्लीत दिवे पिवळे होते की पांढरे, तर तो शहराचा अभ्यास करत असेल की फोनच्या सेटिंगचा? या शहराचं उद्याचं दप्तर तुमच्या-माझ्या फोनमध्येच साठतंय, म्हणून ही काळजी.

मग काय करायचं? फोन फेकायचा नाही. मी सध्या तीन गोष्टी करते. हात चालत असतील तिथे नाइट मोड बंद करते. दाणे आले तर येऊ देते. एका फोटोवर न थांबता पाच-सहा काढते आणि फसलेलेही ठेवते. आणि माणसाचा फोटो असेल तर त्याच माणसाला दाखवते. माझ्या मार्गदर्शकांनाही जे दिसलं नव्हतं, ते मावशींना दोन सेकंदांत दिसलं. कारण त्या बोटांवर त्यांचं पोट आहे.

पुढच्या आठवड्यात परत गेले. नाइट मोड बंद, फोटो दाणेदार, झेंडू नुसता केशरी गोळा. पण दोन बोटांच्या मध्ये दोरा ताणलेला स्पष्ट दिसत होता. मावशी म्हणाल्या, "आता कसं! पण फुलं शिळी वाटतायत बघ." दोन्ही एकदम मला अजून जमलेलं नाही. तुम्ही तुमच्या गल्लीत करून बघा, आणि कुणाचं काय गायब झालं ते मला कळवा.