कढईतले उद्गारचिन्ह

आपल्याकडे समीक्षेचा विषय व्हायला फारसे काही लागत नाही. नवकाव्य झाले, नवकथा झाली, रंगमंचावरच्या रिकाम्या खुर्चीवरसुद्धा लोकांनी दहा-दहा पाने लिहिली. मग मोटारीच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यांनीच कुणाचे घोडे मारले आहे? इथे न्यू जर्सीत माणसाचे रोजचे दोन तास मोटारीत जातात. नियमित वाचन म्हणाल तर माझे हल्ली तेवढेच उरले आहे.

आजची कलाकृती म्हणजे एक पिवळा दिवा. बूड दातेरी, तोंड वर उघडे पण जरासे आवळलेले, आणि पोटात एक उद्गारचिन्ह. हिने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, “अहो, ही कढई कसली पेटलीय?” मी सांगितले, की ती कढई नव्हे, तो मधोमध कापलेला टायर आहे आणि त्यातली हवा कमी झाली आहे. ती म्हणाली, “मग तसं लिहायचं ना!” एवढी नेमकी समीक्षा मी गेल्या कित्येक वर्षांत वाचलेली नाही.

या दिव्याची जन्मकथा मात्र हसण्यासारखी नाही. फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्यांखालचे फायरस्टोनचे टायर भर वेगात सोलून निघायचे, गाड्या उलटायच्या. अडीचशेहून जास्त माणसे त्यात गेली. ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवण्यात आले आणि त्याच नोव्हेंबरात क्लिंटनसाहेबांनी नव्या कायद्यावर सही केली. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि तापला की त्याचे पदर सुटू लागतात. तेव्हा हवा कमी झाल्याचे गाडीनेच सांगावे असे ठरले, आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा आला. आमची गाडी २००९ ची, म्हणजे या साहित्यप्रवाहातल्या पहिल्या पिढीची.

या दिव्याला मजकूर पुरवणारे चार वार्ताहर चाकांच्या आत बसतात. व्हॉल्व्हच्या मागे काडेपेटीहूनही लहान असा एकेक सेन्सर, त्यात एक बॅटरी आणि एक चिमुकले आकाशवाणी केंद्र. “हवा बत्तीस, हवा एकतीस,” एवढाच काय तो त्याचा कार्यक्रम. बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते, आणि ती बदलता येत नाही, कारण सगळे एकत्र ओतून बंद केलेले असते. बॅटरी संपली की केंद्रच संपले. आमच्या मागच्या डाव्या चाकातले केंद्र गेल्या हिवाळ्यात बंद पडले.

आता गुणदोष. पहिला दोष उशिरा बोलण्याचा. ठरलेल्या हवेतली पाव हिस्सा गेली की बोलायचे, असा नियम आहे. म्हणजे दाराच्या कडेला ३२ पौंड छापले असेल, तर २४ होईपर्यंत हा मौनात राहू शकतो. त्यावर आणखी वीस मिनिटांची सवलत. पण हे मी सोडून देतो. संयम हा काही लेखकांचा गुणही असतो.

दुसरा दोष मात्र सोडण्यासारखा नाही. हाच एक दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. सरळ पेटला तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणाच बिघडली आहे. कायद्याने बिघाडासाठी वेगळा दिवा द्यायलाही मुभा होती. पण आमच्या गाडीत एकाच नटाला दुहेरी भूमिका दिली आहे, आणि तीही एकाच वेषात. तो लुकलुकत असताना तुम्ही पट्टा बांधत असाल किंवा काचेवरचा बर्फ खरवडत असाल, तर पहिला प्रवेश चुकला. नंतर दिसतो तो नुसता पिवळा उजेड. उरलेले तीन सेन्सर कितीही कळवळून ओरडले तरी पेटलेल्या दिव्याला आणखी पेटता येत नाही. रोज “लांडगा आला” म्हणणाऱ्या पोराला निदान घसा तरी बसतो. याला तीही सोय नाही.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला: एक बदलायचा तर ९० डॉलर, चारही बदलायचे तर ३२०. गाडीचे वय बघता हा आजीबाईला नवी कवळी बसवण्यातला प्रकार. मित्रमंडळीत चर्चा झाली. एकाने सुचवले, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. दुसऱ्याने पुण्याचा दाखला दिला: “आपण तिथं इतकी वर्षं गाडी चालवली, होता का सेन्सर?”

होता की! पेट्रोल पंपावर हवा मारणारा पोऱ्या होता. तो चालत्या गाडीकडे बघून “साहेब, मागचं बसलंय” म्हणायचा, आणि त्याची बॅटरी चहावर चालायची. शिवाय तेव्हाची आमची फियाट चाळीसच्या वर गेली की वडीलच घाबरायचे. इथे टर्नपाइकवर ताशी ६५ मैल हा कायदा आणि ७५ हा रिवाज. आणि आजच्या रेडियल टायरची बाजू भरलेला असतानाही जराशी फुगलेली दिसते. ३२ आणि २४ मधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, लाथ मारून तर मुळीच नाही.

माझ्यापुरता प्रश्न सोपा होता. महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, मी गेज लावतो. चांगला टायरसुद्धा महिन्याला एखाद-दुसरा पौंड सोडतोच, आणि पारा दहा अंश फॅरनहाइट उतरला की आणखी एक पौंड जातो. ही हळूहळू होणारी गळती पकडायला दहा-बारा डॉलरचे गेज त्या दिव्यापेक्षा कितीतरी सरस आहे. ते पाव हिस्सा जायची वाट पाहत नाही, आणि तारीख मीच ठरवतो.

पण ती गाडी मुख्यतः मी चालवत नाही. हिची इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी असते. जानेवारीत पहाटे पाचला, अंधारात, तीस मैल एकटी येते. माझ्या दोन गेजांच्या मधल्या एखाद्या रात्री चाकात खिळा शिरला, तर तिला ते सांगणारे गाडीत दुसरे कोणी नाही. चिकटपट्टीवाल्या मित्राच्या युक्तिवादात ही पहाट कुठे बसत नव्हती. अमेरिकेचा कायदा मालकाला मेलेला सेन्सर बदलायला लावत नाही. गॅरेजवाल्याने चालू यंत्रणा बंद पाडू नये एवढेच म्हणतो. म्हणजे निर्णय आमच्यावरच.

हिने हिशेब माझ्याहून लवकर केला. “टायर नाहीतरी यंदा बदलायचेच आहेत ना? मग तेव्हाच घाला. दोनदा उघडायची मजुरी कशाला?” बरोबर होते. सेन्सर बदलायला टायर रिमवरून उतरवावाच लागतो. आणि चारही भावंडे एकाच सालची. एकाला नवा जीव देऊन बाकीच्या तिघांच्या श्राद्धाला दर हिवाळ्याला ९० डॉलर कोण देणार?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. तोवर हिच्या पाळीच्या दिवशी मी संध्याकाळी चारही चाकांना गेज लावून आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ खोचतो. कालच्या कागदाखाली हिने लिहिले होते: “अक्षर वाचता येत नाही. कढई बरी.”