सोंग, साक्ष आणि श्रोता : महाविद्यालयीन कार्यशाळांतील अस्मितांचे सादरीकरण
(संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके)

प्रास्ताविक

नाट्यखेळ आणि कथाकथन यांच्या कार्यशाळा हे अलीकडे विद्यार्थ्यांच्या सामाजिक जाणिवा घडविण्याचे साधन मानले जाते. जात, जमात, लिंग, भाषा, धर्म आणि आर्थिक स्थिती यांच्या संयोगातून घडलेले आपले जगणे विद्यार्थ्याने सादर करावे आणि इतरांनी ते समजून घ्यावे, असा त्यामागील हेतू असतो. हा हेतू स्तुत्य आहे. तथापि सांगणाऱ्याला यातून काय मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना आणि मराठी परंपरा

परस्परांना छेदणाऱ्या अस्मितांची संकल्पना अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडित किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये मांडली. वंश आणि लिंग ही भेदभावाची कारणे वेगवेगळी मोजली, तर ज्या स्त्रीवर दोन्हींचा आघात होतो ती कोणत्याच हिशेबात बसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतात गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीच्या वेगळ्या स्वराची सैद्धांतिक चर्चा केली.

तो स्वर मात्र मराठीत त्यापूर्वीच उमटला होता. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांची व्यथा तीत येते, तेव्हा जात, दारिद्र्य आणि स्त्रीत्व यांना वेगळे करता येत नाही. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी स्त्री, तिचा नवरा आणि त्यांना ग्रहदशेची भीती घालणारा जोशी यांच्या या नाटकात विदूषक मध्येच बोलून प्रेक्षकाला विचार करावयास लावतो. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या ‘पीडितांच्या रंगभूमी’तील ‘जोकर’ प्रेक्षकांना प्रश्न विचारून खेळात ओढतो. त्याचे एक पूर्वरूप या विदूषकात पाहता येते.

निबंध ही साक्ष आहे, तर नाटक हे सोंग. साक्षीत बोलणारी व्यक्ती उघड असते. सोंगात तिला आडोसा मिळतो. कार्यशाळेच्या पद्धतीचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

‘एक पाऊल पुढे’ या खेळाची मर्यादा

अशा कार्यशाळांत एक खेळ सर्रास घेतला जातो. सर्वांनी एका ओळीत उभे राहावयाचे. ‘ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांनी एक पाऊल पुढे यावे’, ‘ज्यांना जातीवरून बोलणे ऐकावे लागले त्यांनी एक पाऊल मागे जावे’, अशा सूचना दिल्या जातात. अखेरीस विषमता डोळ्यांना दिसते. परंतु सर्वांत मागे उभ्या राहिलेल्या कातकरी विद्यार्थिनीला तेथे नवे काय कळले? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे कुटुंब आणि त्यामुळे तुटणारी शाळा तिला ठाऊकच होती. पुढे उभ्या असलेल्यांचे शिक्षण तिच्या संकोचाच्या मोलाने झाले, एवढाच त्याचा अर्थ.

ही केवळ संकोचाची बाब नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. आदिवासी तडवी भिल्ल समाज, मुस्लिम धर्म आणि स्त्रीत्व या तिन्ही ओळखी त्यांच्या ठायी एकत्र होत्या. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. कार्यशाळेत उघड झालेली ओळख दुसऱ्या दिवशी वर्गात, वसतिगृहात टोमण्याचा विषय होऊ शकते. म्हणून सांगण्याच्या हक्काइतकाच न सांगण्याचा हक्कही मूलभूत मानला पाहिजे.

शहापूर-मुरबाडचे वास्तव

या दोन तालुक्यांतील वर्गात कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, बौद्ध, मुस्लिम अशी मुले एकत्र बसू शकतात. त्यांपैकी आदिवासी विद्यार्थ्याला आपली ओळख जातवैधता प्रमाणपत्रासाठी कागदोपत्री सिद्ध करावीच लागते. कार्यशाळेने पुन्हा ‘तू कोण?’ हाच प्रश्न विचारला, तर ती आणखी एक पडताळणी ठरते.

त्याऐवजी ‘पाणी कोण भरते?’ असा प्रश्न घ्यावा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हंडा बाईच्या डोक्यावर असतो, विहिरीला जातीची आठवण असते आणि जलवाहिनी महानगराकडे वळलेली असते. लिंग, जात आणि प्रदेश येथे एका हंड्याभोवती एकत्र येतात. प्रेमानंद गज्वी यांनी ‘घोटभर पाणी’ (१९७७) या एकांकिकेत पाण्यातूनच जातिव्यवस्थेचा वेध घेतला होता. अशा विषयावर उभ्या केलेल्या प्रसंगात आगरी मुलगा हंडा घेतो, ठाकूर मुलगी अभियंता होते आणि कोणालाही स्वतःची जखम उघडी करावी लागत नाही. शहापूरला लागून असलेल्या मोखाडा परिसरातील बोहाड्यात मुखवटे लावून सोंगे नाचविली जातात. आडोशाने बोलण्याची ही रीत या भागाला परकी नाही.

ठाणे शहरात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने समता विचार प्रसारक संस्थेसह २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. तेथे लोकवस्त्यांतील मुले आपल्या जगण्यातून विषय शोधून नाटिका उभ्या करतात. साक्षीला सोंगाचा आधार देणारा हा प्रयोग ग्रामीण महाविद्यालयांनी अभ्यासावा असा आहे. मात्र त्याचे अनुकरण करताना वेळापत्रकाचा विचार हवा. तालमी तासिका संपल्यानंतर ठेवल्या, तर शेवटची एस.टी. गाठणाऱ्या दूरच्या पाड्यांतील मुली आपोआप वगळल्या जातात. ज्यांच्यासाठी कार्यशाळा, त्याच तेथे नसतात.

समारोप

कार्यशाळेचे मूल्यमापन किती विद्यार्थी बोलले यावरून केले जाते. वस्तुतः ऐकणाऱ्यांनी काय बदलले, हा त्याचा निकष असावयास हवा. वसतिगृहातील वागणूक, तक्रार निवारणाची व्यवस्था, बोलीभाषेतील उत्तराकडे पाहण्याची अध्यापकाची दृष्टी यांत काहीच बदल होणार नसेल, तर विद्यार्थ्याकडून त्याची गोष्ट मागण्याचा नैतिक अधिकार महाविद्यालयाला उरत नाही. ‘तृतीय रत्न’मधील जोडपे नाटकाच्या शेवटी रात्रशाळेत शिकावयास जाण्याचे ठरविते आणि ती शाळा फुल्यांनी प्रत्यक्षात चालविलेली होती. रंगमंचावरील निर्णयाला रंगमंचाबाहेर उघडे दार होते. आजच्या कार्यशाळांनी प्रथम तेच दार तपासून पाहावे.