संवादलेख आणि समुपदेशकाचे शिक्षण

मानसोपचाराचे शिक्षण दीर्घकाळ वृत्तान्तावर अवलंबून होते. उपचारक स्मरणातून प्रसंग सांगे आणि ज्येष्ठ त्यावर भाष्य करी. परंतु प्रत्यक्षात कोण काय बोलले, हे तिसऱ्या व्यक्तीला कळण्याची सोय नसे. कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ मधील 'समुपदेशन आणि मानसोपचार' या इंग्रजी ग्रंथाने ही स्थिती पालटली. या ग्रंथाच्या अखेरच्या भागात हर्बर्ट ब्रायन या कल्पित नावाने एका तरुणाच्या आठ मुलाखती ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून दिल्या आहेत. उक्तींना क्रमांक आहेत आणि समुपदेशकाच्या उत्तरांची परीक्षा तळटीपांत केली आहे. समुपदेशकाचे प्रमादही त्यामुळे वाचकापुढे उघड होतात. समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणात आज संवादलेखाला जे स्थान आहे, त्याचा पाया येथे घातला गेला.

प्रस्तुत लेखात या प्रकारच्या संवादलेखाचा शैक्षणिक साहित्य म्हणून भाषाशास्त्रीय दृष्टीने विचार केला आहे. प्रश्न असा की, संवादलेख वाचून विद्यार्थी नेमके काय शिकतो?

अमेरिकेत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तेथे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारे 'काकरेप' हे मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या २००९ च्या मानकांत 'चिकित्सालयीन मानसिक आरोग्य समुपदेशन' ही शाखा प्रथम या नावाने आली. २०१६ च्या मानकांनुसार विद्यार्थ्याला किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक व त्यानंतर ६०० तासांचे क्षेत्रकार्य करावे लागते. त्यांपैकी अनुक्रमे ४० व २४० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे असतात. विद्यार्थ्याच्या संभाषणाचे मुद्रण किंवा प्रत्यक्ष निरीक्षण हा पर्यवेक्षणाचा आधार मानला आहे. म्हणजे विद्यार्थ्याच्या पात्रतेचा निर्णय बऱ्याच अंशी त्याच्या उक्तींवरून होतो.

उक्तींचे मूल्यमापन करायचे तर त्यांचे वर्गीकरण हवे. ॲलन आयव्ही व त्यांचे सहकारी यांनी १९६८ पासून मांडलेल्या सूक्ष्म-समुपदेशन पद्धतीने ते केले. अवधान, आशयाचे पुनर्कथन, भावनेचे प्रतिबिंबन अशी कौशल्ये वेगळी काढून एकेकाचा सराव करून घेणे, हे तिचे सूत्र. नवशिक्याला या पद्धतीने आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. उक्तीचे रूप म्हणजेच तिचे कार्य, असा समज विद्यार्थ्याच्या मनात सहज रुजतो. अशीलाचे वाक्य थोडे फिरवून परत दिले की प्रतिबिंबन साधले, असे त्याला वाटू लागते. या यांत्रिक अनुकरणाने स्वतः रॉजर्सही अस्वस्थ झाले होते. १९८६ च्या एका लेखात त्यांनी 'भावनांचे प्रतिबिंबन' ही संज्ञाच अपुरी ठरवली आणि आपण करतो ते 'आकलनाची पडताळणी' होय, असे सुचविले.

हा बदल केवळ नावाचा नाही. पहिल्या संज्ञेत समुपदेशक आरशासारखा निष्क्रिय आहे. दुसऱ्या संज्ञेत तो चुकू शकणारा श्रोता आहे, आणि अंतिम निर्णय अशीलाच्या हाती आहे. मात्र कागदावरचे विधान पडताळणीचे आहे की निवाड्याचे, हे शब्दांवरून कळत नाही. ते सुरावटीवरून आणि त्यापुढे अशील काय बोलतो यावरून कळते. ब्रायन प्रकरणात विराम व हुंकार काही ठिकाणी नोंदलेले आहेत. सुरावट मात्र नाही. पिटेंजर, हॉकेट आणि डेनेही यांनी १९६० मध्ये एका मुलाखतीच्या केवळ पहिल्या पाच मिनिटांचे विश्लेषण करण्यास एक संपूर्ण ग्रंथ खर्ची घातला. लॅबव्ह आणि फॅन्शेल यांचा १९७७ चा ग्रंथ एका उपचारसत्रातील सुमारे १५ मिनिटांच्या संभाषणावर उभा आहे. संभाषणातील अर्थ सुट्या वाक्यात नसून उक्तींच्या क्रमात असतो, ही जाणीव या ग्रंथांनी दृढ केली. परंतु त्यांचीही एक मर्यादा आहे. लॅबव्ह आणि फॅन्शेल प्रत्येक उक्तीचा विस्तार करून तिच्यातील अनुक्त गोष्टी मांडतात. त्यामुळे कधी कधी विश्लेषकाला बोलणाऱ्यापेक्षा अधिक कळते, असा आभास निर्माण होतो. समुपदेशकाने टाळावयाचा मोह नेमका हाच होय.

आता मराठीकडे वळू. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे आदर्श संवाद मुख्यतः इंग्रजी असतात; त्यांना ऐकावे लागणारे दुःख मात्र पुष्कळदा मराठीत सांगितले जाते. मधले भाषांतर विद्यार्थी मनातल्या मनात करतो आणि त्याचे पर्यवेक्षण कोणी करीत नाही. समजा, एखादी स्त्री म्हणाली, "आई आता मला काहीच म्हणत नाही." इंग्रजी नमुन्याबरहुकूम उत्तर होईल, "तुम्हांला वाईट वाटतं." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण मराठी कानाला ते दुसऱ्याच्या मनाविषयी दिलेल्या निकालासारखे लागते. आपण सहज बोलताना "वाईट वाटत असेल" किंवा "वाईट वाटतंय ना?" असे म्हणतो. दुसऱ्याच्या अनुभवावर त्याचाच अधिकार आहे, हे 'असेल' आणि 'ना' यांतून व्यक्त होते. रॉजर्स यांना जी पडताळणी स्वरातून साधावी लागली, ती मराठीत क्रियापदाच्या रूपातून आणि अव्ययातून साधता येते. भाषांतरित नमुना नेमकी हीच सोय हिरावून घेतो.

दुसरे उदाहरण 'वाटणे' या क्रियापदाचे. "तो येणार नाही असं वाटतं" हे मत आहे. "एकटं वाटतं" ही भावना आहे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत विचार आणि भावना यांचा भेद मूलभूत आहे. ही पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना सुपरिचित आहे. येथे "तुम्हांला काय वाटतं?" या प्रश्नाला दोन्ही प्रकारची उत्तरे येऊ शकतात, "कसं वाटतं?" हा प्रश्न भावनेकडे अधिक झुकतो. तसेच "मला राग येतो" या रचनेत राग हा कर्ता आहे आणि माणूस त्याचे ठिकाण. आपल्या रागात आपल्या विचारांचा वाटा असतो, हे अशीलाला पटवू पाहणाऱ्या समुपदेशकाने ही रचना ओळखून असावे. अर्थात, व्याकरणामुळे मराठी माणूस रागाची जबाबदारी टाळतो, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होईल. "मी रागावलो" हेही मराठीच आहे. बोलणाऱ्याने दोहोंपैकी कोणती रचना कोठे योजली, एवढेच लक्षपूर्वक ऐकावयाचे आहे.

तू, तुम्ही आणि आपण यांची निवड हा तिसरा प्रश्न. इंग्रजी संवादलेखात तो उद्भवतच नाही. मराठीत मात्र पहिल्याच वाक्यात वय, नाते आणि अंतर ठरून जाते. सोळा वर्षांच्या मुलाला 'तुम्ही' म्हटल्यास तो बुजेल. 'तू' म्हटल्यास समुपदेशक त्याच्या लेखी घरातील वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसेल. यासाठी एकच नियम घालून देता येणार नाही. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने आपली निवड पर्यवेक्षकापुढे समर्थनासह मांडली पाहिजे.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. मराठी प्रदेशातील समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाला भाषांतरित वाक्यांच्या याद्यांपेक्षा मराठी संभाषणांच्या शब्दशः संग्रहाची गरज अधिक आहे. तो अशीलांच्या लेखी संमतीने, ओळख पुसून आणि बोलींचे वैविध्य राखून तयार करावा लागेल; जेथे संमती योग्य वाटणार नाही, तेथे विद्यार्थ्यांनी परस्परांत घेतलेल्या सराव-मुलाखती चालतील. सुरावट आणि विराम नोंदण्याची पद्धती भाषाशास्त्र विभागाने द्यावी आणि उक्तींच्या परिणामाचा विचार मानसशास्त्र विभागाने करावा. रॉजर्स यांच्या ग्रंथाचे खरे अनुकरण त्यांची वाक्ये उचलण्यात नाही. आपल्या खोलीत झालेले बोलणे, त्यातील चुकांसह, परीक्षेसाठी खुले करण्यात आहे.