पुरेसे शिक्षण आणि त्याचा खर्च : जोतीराव फुले यांच्या १८८२ च्या निवेदनाचे परीक्षण

सार्वजनिक शाळेतील शिक्षण ‘पुरेसे’ केव्हा म्हणावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे दोन प्रश्न शिक्षणविषयक चर्चेत बहुधा वेगवेगळे हाताळले जातात. पहिला शिक्षणतज्ज्ञांकडे जातो, दुसरा अर्थखात्याकडे. महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला सादर केलेल्या, १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेच्या निवेदनात ही फारकत आढळत नाही. सामाजिक विषमतेविरुद्धचा दस्तऐवज म्हणून ते सर्वपरिचित आहे. येथे त्याचा विचार शिक्षणाच्या अर्थकारणावरील लेख म्हणून करावयाचा आहे.

निवेदनाच्या युक्तिवादाचा पाया करविषयक आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र प्रामुख्याने वरिष्ठ वर्गांना मिळतो, हे फुले प्रथम मांडतात. वरच्या वर्गांना शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या तत्कालीन धोरणाला अनुभवाचा आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी वसूल होत असे आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखलेला असे. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे फुल्यांच्या मागणीचे स्वरूप स्पष्ट होते. ती दानाची याचना नसून दिलेल्या पैशाचा हिशेब मागणारी आहे.

हिशेब मागणाऱ्याला काय हवे ते नेमके सांगावे लागते. फुल्यांनी ते सांगितले आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे काही पाठ असावेत. शिक्षक प्रशिक्षित आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. त्याचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते पंधरा किंवा वीस रुपये असावे. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे शिक्षकाकडे सोपविल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, अशीही सूचना आहे. विषयांच्या यादीशेजारीच वेतनाचा आकडा येतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. विशिष्ट प्रकारचा शिक्षक हवा असेल तर विशिष्ट रक्कम लागेल, हे त्या मांडणीतून उघड होते.

परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीवरील त्यांचा आक्षेपही याच विचारातून येतो. ज्या गरीब समाजात विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे ही पद्धत शिक्षणप्रसाराला निरुपयोगी आहे, असे ते बजावतात. निकालावर पैसा अवलंबून ठेवल्यास ज्या शाळेची गरज सर्वांत मोठी, तिचे उत्पन्न सर्वांत लहान राहणार. तथापि आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली, खाजगी प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचीच कसोटी सुचविली आणि सक्तीचे तत्त्व स्वीकारले नाही.

निवेदनात उणिवा नाहीत असे नाही. लहान खेड्यांतील शाळांत विषय कमी असले तरी चालतील, अशी सवलत त्यात आहे. ते विषय व्यवहारोपयोगी असावेत अशी अट असली, तरी गावाच्या आकारमानानुसार ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ आखूड होण्याची वाट तेथे मोकळी राहते. शिवाय १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुल्यांनी येथे स्त्रीशिक्षणाच्या अधिक उदार प्रसाराची केवळ विनंती केली आहे. शिक्षकाच्या वेतनाबाबत जो नेमकेपणा दिसतो, तो येथे दिसत नाही.

पुढील प्रयत्नांशी तुलना केली असता निवेदनाचे मोल अधिक स्पष्ट होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकात खर्चाची वाटणी काटेकोर होती : दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा. परंतु जेथे मुलांची शाळेतील हजेरी आधीच ठराविक प्रमाणात असेल तेथेच सक्ती लागू करता येणार होती. सावध राजनीती म्हणून ही अट समजण्याजोगी आहे. पण जे पुढे आहेत त्यांनाच आधी पुढे नेण्याचा, म्हणजे फुल्यांनी आक्षेपिलेलाच न्याय तीतही आहे. एवढे सावध विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. त्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी दोनशे व उच्च प्राथमिक वर्गांसाठी दोनशे वीस कामाचे दिवस, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण यांचे निकष आहेत. येथे पुरेसेपणाची व्याख्या प्रामुख्याने मोजता येण्याजोग्या साधनांची आहे. खर्चाची जबाबदारी मात्र केंद्र आणि राज्ये यांची संयुक्त असून केंद्राच्या वाट्याची टक्केवारी कायद्यात निश्चित केलेली नाही. ती वेळोवेळी ठरवावयाची आहे. दुसरीकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे उद्दिष्ट १९६८ च्या धोरणात आले आणि २०२० च्या धोरणातही त्याच प्रमाणाचा पुनरुच्चार झाला. त्या टक्केवारीतून एका खेड्यातील एका शाळेला काय मिळावे, याचा बोध होत नाही.

फुल्यांच्या निवेदनातील बारा रुपये आज कालबाह्य आहेत, मोडीही शाळेतून गेली आहे. टिकून आहे ती त्याची पद्धत. मुलाला काय यावे, ते कोणी शिकवावे, त्याला किती द्यावे आणि तो पैसा मुळात कोणाचा, हे चार प्रश्न त्यात एकाच विधानाचे भाग आहेत. यांपैकी एकही वगळून केलेली ‘पुरेशा शिक्षणा’ची व्याख्या अपुरी ठरते. पहिल्या दोहोंवर थांबणारी व्याख्या सदिच्छा होते आणि शेवटच्या दोहोंवर थांबणारी केवळ अंदाजपत्रक.