तात्पर्य गेले कुठे? : मराठी बालकथेतील निवेदकाची जागा

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाने मुलांसाठी वाचनस्पर्धा ठेवली होती. मुलांनी एक छोटी गोष्ट वाचायची आणि तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरे लिहायची. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांत मीही होतो. गोष्ट साधी होती. एक मुलगा आईचे न ऐकता पावसात खेळायला जातो, तापाने आजारी पडतो आणि शेवटी आईच्या कुशीत शिरून रडतो. प्रश्न होता : 'ही गोष्ट कोण सांगत आहे?' आम्हाला दिलेल्या उत्तरसूचीत 'तृतीयपुरुषी निवेदक' किंवा 'लेखक' एवढेच लिहिलेले होते. सहावीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'ही गोष्ट त्याची आई सांगत आहे.' मी लाल शाईने फुली मारली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

पुढे ती गोष्ट पुन्हा हाती आली तेव्हा जरा थांबून वाचली. मुलगा 'हट्टी' होता. आई 'बिचारी' रात्रभर उशाशी बसून होती. मुलगा तर तापात गाढ झोपलेला. मग आईचे जागरण पाहिले कोणी? तिचे पाणावलेले डोळे कोणाला दिसले? घरात तिसरे माणूस नव्हते. गोष्टीत 'मी' कुठेच नव्हता, पण तिच्यातली प्रत्येक नजर आईची होती. व्याकरणाच्या दृष्टीने त्या मुलीचे उत्तर चूक होते. वाचक म्हणून मात्र ती आम्हा सगळ्या तपासनिसांच्या पुढे होती. प्रस्तुत लेख त्या फुलीतून निघाला आहे.

कथेचा दृष्टिकोन ओळखण्याची आपल्याकडची रूढ रीत सर्वनामावर थांबते. 'मी' दिसला की प्रथमपुरुषी, 'तो' किंवा 'ती' दिसली की तृतीयपुरुषी, सगळ्यांच्या मनातले कळत असेल तर सर्वज्ञ. फ्रेंच अभ्यासक जेरार्ड जेनेट यांनी १९७२ साली या रीतीतला घोळ नेमका दाखवून दिला. बोलतो कोण हा एक प्रश्न आणि पाहतो कोण हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही. मोठ्यांच्या कथेबाबत हा भेद मराठी समीक्षेत आता रुळला आहे. बालकथेकडे मात्र आपण तो क्वचितच नेतो. खरे तर त्याची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. बालकथा लिहिणारा बहुधा मोठा माणूस असतो आणि वाचणारा लहान. बोलणारा तोंड मुलाचे करतो आणि डोळे स्वतःचे ठेवतो, असे तिथे पदोपदी घडू शकते.

ते ओळखायचे कसे? परकी परिभाषा थोडी बाजूला ठेवली तर मराठी भाषाच यासाठी चांगली साधने हाती देते.

पहिले साधन नात्यांच्या शब्दांचे. एकच माणूस संध्याकाळी दारातून आत येतो. 'बाबा आले' असे वाक्य असेल तर पाहणारे मूल आहे, मग गोष्टीत त्या मुलाला 'मनू' म्हटलेले असो वा 'तो'. 'मनूचे वडील आले' म्हटले की पाहणारा घराबाहेर, शेजाऱ्याच्या ओट्यावर जातो. 'सदाशिवराव आले' म्हटले की तो गावातला बरोबरीचा माणूस होतो. आणि 'सदा आला' म्हणणारी नजर सदाच्या आईची किंवा थोरल्या भावाची असते. प्रसंग एक, क्रियापद एक; फक्त नाव आणि आदरार्थी रूप बदलले की पाहणाऱ्याची जागा बदलते. 

दुसरे साधन येण्याजाण्याचे. 'आजी माजघरात आली' आणि 'आजी माजघरात गेली' यांत आजीचा प्रवास तोच आहे. पहिल्या वाक्यात आपण माजघरात बसलो आहोत, दुसऱ्यात ओसरीवर. 

तिसरे साधन 'आम्ही' आणि 'आपण' यांचे. 'आम्ही नदीवर गेलो' म्हणणारा ऐकणाऱ्याला काठावर ठेवतो, 'आपण' म्हणणारा त्याला सोबत घेतो. 'आपला मनू', 'आपली चिऊताई' यांतला 'आपला' हेच काम करतो. तो निवेदक आणि वाचक यांना एका बाकावर बसवतो आणि ज्याची गोष्ट चालली आहे त्याला समोर उभा करतो. वरवर लाडाचा वाटणारा हा शब्द मुलाकडे बाहेरून पाहायला लावतो, हे सहसा ध्यानात येत नाही. 

चौथे साधन विशेषणांचे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे. हट्टी, खोडकर, गुणी, बिचारा, निरागस हे शब्द मूल स्वतःविषयी मनातल्या मनात वापरत नाही. निरागस मुलाला आपण निरागस आहोत हे ठाऊकच नसते. असा शब्द आला की तिथे मोठे माणूस उभे आहे असे खुशाल समजावे.

शंका उरलीच तर रोलाँ बार्त यांनी १९६६ साली कथनाच्या संरचनेवरील निबंधात सुचवलेली कसोटी लावून पाहावी. 'तो'च्या जागी 'मी' घालून वाक्य पुन्हा वाचायचे. 'मनूच्या तळव्याला काहीतरी गार लागले' याचे 'माझ्या तळव्याला काहीतरी गार लागले' सहज होते. म्हणजे वाक्य तृतीयपुरुषी असले तरी अनुभव मनूच्याच अंगातला आहे. आता 'मनू खोडकर होता, पण मनाने फार निर्मळ' याचे करून पाहा. 'मी खोडकर होतो, पण मनाने फार निर्मळ' असे म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतील. सर्वनाम दोन्हीकडे बदलता आले, पण नजर दुसऱ्या वाक्यात जुळली नाही.

आता 'मी' कडे वळू. साने गुरुजींची 'श्यामची आई' आणि प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा, दोन्हींत बोलणारा 'मी' आहे आणि दोन्हींचा विषय बालपण आहे. रूढ रीतीने दोन्ही 'प्रथमपुरुषी' म्हणून एका खणात पडतात. वाचणाऱ्याला मात्र दोन्हींतले अंतर पहिल्या काही पानांतच जाणवते.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना लिहायला घेतली. पुस्तकाची बैठक आपण विसरतो. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. सांगणारा श्याम मोठा आहे, आई केव्हाच गेलेली आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे धाडते, तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. लपलेल्या मुलाला पाण्याची धास्ती ठाऊक आहे आणि शिंपटीचा मार ठाऊक आहे. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आईने मन घट्ट केले, हा अर्थ त्या मारासकट आयुष्यभर बाळगलेल्या माणसाच्या तोंडी शोभतो. तेव्हा 'मी' एक असला तरी माणसे दोन आहेत : सोसणारा मुलगा आणि सांगणारा पुरुष. पुस्तकातले सगळे कारुण्य या दोघांमधल्या अंतरात साठलेले आहे.

'श्यामची आई' उपदेशपर आहे असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. मला तो अर्धवट वाटतो. उपदेश आहे, पण तो आईवेगळ्या झालेल्या माणसाने आपल्या सोबत्यांजवळ केलेला आहे. बालवाचक तिथे शेजारी बसून ऐकतो आहे. घोटाळा होतो तो उताऱ्यांमुळे. पाठ्यपुस्तकासाठी एखादा प्रसंग वेगळा काढला की रात्र जाते, सोबती जातात, आश्रम जातो. उरतो नुसता 'मी', आणि वर्गातले मूल त्याला आपल्याच वयाचा समजते. मग त्याला असा मुलगा भेटतो, जो मार खाताखाताच मार देणाऱ्याची बाजू मांडतो. साने गुरुजींनी असा मुलगा लिहिलेला नाही. तो आपल्या कात्रीने तयार केला आहे.

लंपनचे उलट आहे. 'वनवास' हा संग्रह १९९४ साली आला, पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या परिसरात आजी-आजोबांजवळ वाढणारा हा मुलगा सांगतो ते त्या वयाच्या शब्दांत, त्या वयाच्या तिरपागड्या तर्काने. मागे वळून अर्थ लावणारा मोठा लंपन तिथे जवळजवळ नाही. घर सुटल्याचे दुःख त्याला नाव देऊन सांगता येत नाही. ते आपल्याला त्याच्या रस्त्यांच्या, झाडांच्या, आवाजांच्या वर्णनातून कळते. आणि गंमत अशी की या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्याच नाहीत. मुलाची नजर इतक्या निष्ठेने सांभाळणारे आपले लेखन मोठ्यांच्या कपाटात आहे आणि मोठ्या माणसाच्या आठवणींचे पुस्तक मुलांच्या हाती आहे. यात तक्रार नाही. दोन्ही पुस्तके दोन्ही वयांत वाचली जावीत. पण 'बालसाहित्य' या पाटीवरून आत कोणाची नजर आहे ते ठरत नाही, एवढे यातून निश्चित होते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी सायकल हाणत असतो. निवेदन तृतीयपुरुषी, फुरसुंगीच्या बनेश फेणेचे. बोलणारा आवाज एखाद्या मिस्कील काकांचा. पण पाहायची वेळ आली की हे काका बहुतेक वेळा बन्याच्या मागे दबा धरून बसतात. बन्याच्या तोंडून 'ट्टॉक' निघते तेव्हा वाचकालाही नुकतेच काहीतरी उमगलेले असते. काकांना कदाचित आधीच सगळे ठाऊक असते, पण ते आपले ज्ञान मिरवत नाहीत. आवाज मोठ्याचा आणि नजर मुलाची, असा हा करार आहे. बार्बरा वॉल यांनी १९९१ साली बालसाहित्यातील निवेदकाच्या आवाजावर पुस्तक लिहिले. मुलाच्या डोक्यावरून पलीकडच्या मोठ्या वाचकाला डोळा मारणारा निवेदक आणि दोघांशी एकाच वेळी सारख्याच मानाने बोलणारा निवेदक असा भेद त्यांनी केला आहे. भागवतांचा विनोद बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा आहे. म्हणूनच तो वय वाढले तरी शिळा झाला नाही.

तर मग प्रत्येक बालकथा मुलाच्याच नजरेतून लिहावी काय? तसे मुळीच नाही. शेणाचे घर आणि मेणाचे घर ही आपली सर्वांत जुन्या ओळखीची गोष्ट घ्या. तिथे कोणाच्याच मनात शिरायची सोय नाही. कावळा दाराबाहेर भिजतो आहे, चिमणी आत बाळाचे एकेक आवरते आहे, आणि सांगणारी आजी नेमकी उंबरठ्यावर आहे. दोन्ही आवाज तीच काढते. चिमणी निर्दय आहे असे ती म्हणत नाही, कावळा बिचारा आहे असेही म्हणत नाही. हे मूल्यमापन ऐकणाऱ्या मुलाकडे राहते. कावळा किती भिजला असेल, असे मध्येच विचारणारे मूल हमखास भेटते. न सांगितलेली बाजू ते स्वतः शोधून काढते.

इसापाच्या गोष्टींतही हा प्रामाणिकपणा होता. तंजावरला सरफोजी राजांच्या काळात, १८०६ साली, सख्खन पंडितांनी इसापाच्या कथा मराठीत आणल्या. तेव्हापासून 'तात्पर्य' आपल्या बालवाङ्मयाच्या पाठीला लागले, असे आपण हसून म्हणतो. पण तात्पर्याचा एक गुण होता. ते गोष्ट संपल्यावर, वेगळ्या ओळीत, आपली ओळख सांगून येत असे. कोल्हा आणि द्राक्षे एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला. मुलाला हवे तर ती ओळ न वाचता पान उलटता येई. आजच्या कथाकाराला तात्पर्य लिहायची लाज वाटते आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा की ते गेले कुठे? मला असे दिसते की बऱ्याच ठिकाणी ते शेवटच्या ओळीतून उठून विशेषणांत विरघळले आहे. 'हट्टी'मध्ये, 'बिचारी'मध्ये, झोपलेल्या मुलाला न दिसणाऱ्या आईच्या अश्रूंत. तिथे ते गाळून वाचता येत नाही, कारण मुलाला ते वेगळे दिसतच नाही. आपल्याविषयीचे दुसऱ्याचे मत ते आपलेच मत म्हणून गिळते.

म्हणून दृष्टिकोन ओळखणे हा परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न नाही. ही गोष्ट मला कोणाच्या खिडकीतून दाखवली जाते आहे, आणि दुसऱ्या खिडकीतून ती कशी दिसली असती, हे ज्या मुलाला विचारता आले त्याला पुढे बातमी वाचताना, भाषण ऐकताना, घरातले भांडण समजून घेताना तोच प्रश्न उपयोगी पडेल. त्यासाठी परिभाषा लागत नाही. 'आईचे जागरण कोणी पाहिले?' एवढा साधा प्रश्न पुरतो. पावसात गेलेल्या मुलाने तीच गोष्ट सांगितली तर पाऊस कसा असेल, हेही विचारून पाहावे. वाचनाच्या बैठकीत मी हल्ली ते विचारतो. त्या वेळी गोष्टीत पहिल्यांदा खरा पाऊस पडू लागतो. चिखल येतो, मित्र येतात, बुडणारी कागदी होडी येते. ताप येतो तो फार उशिरा.

त्या मुलीची उत्तरपत्रिका आता माझ्याजवळ नाही. तिचे नावही तेव्हा झाकलेले होते. ती आज कॉलेजात असेल. ही फुली मागे घेतल्याचे तिला कळवायचा मला दुसरा मार्ग नाही.