उन्हाळी रंगमंचावरील ‘आपण’ : वसईतील रंजनप्रयोगांचा एक भाषिक विचार

(१)

उत्सव व मनोरंजन यांच्या कार्यक्रमांची समीक्षा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. गायक सुरात होता की नाही, नाटक रंगले की पडले, हे पाहणारी एक. आणि असे कार्यक्रम कोण करतो, त्यांस पैसा कोण पुरवितो, हे शोधणारी दुसरी. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे अंग राहून जाते, ते भाषेचे. व्यासपीठावरून बोलणारा कोणाशी बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटला तरी त्या प्रयोगाचा समाजाशी असलेला संबंध त्याच्या उत्तरावरून जितका स्पष्ट होतो, तितका इतर कशावरूनही होत नाही. प्रस्तुत लेखात वसई-विरार परिसरातील उन्हाळी रंजनप्रयोगांच्या आधारे ‘आपण’ या एका सर्वनामाचा मागोवा घेण्याचे योजिले आहे. गेल्या काही वर्षांत चैत्र ते ज्येष्ठ या काळात लेखकाने प्रेक्षक म्हणून जे पाहिले व ऐकले, ते या विवेचनाचे साधन होय.

मराठीच्या अभ्यासकास हे सांगावयास नको की, उत्तम पुरुषाच्या अनेकवचनात आपली भाषा भेद करते. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. गुजरातीत हा भेद आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ मात्र दोन्ही कामे करतो. मराठीतील ‘आपण’ आणखी एक काम करतो. तो आदरार्थी द्वितीय पुरुषीही होतो. ‘आपण गाणे ऐकणार आहोत’ आणि ‘आपण शांतता राखावी’ या दोन वाक्यांतील ‘आपण’ एक नव्हेत. पहिल्यात बोलणारा आहे, दुसऱ्यात तो नाही. निवेदक या दोन अर्थांमध्ये सहज ये-जा करतो, आणि या ये-जा करण्यातच पुष्कळदा प्रयोगाचे मर्म दडलेले असते.

(२)

वसईच्या उन्हाळ्याला रंजनाचा हंगाम का म्हणावयाचे, हे आधी पाहिले पाहिजे. ख्रिस्ती समाजात उपवासकाळात लग्ने टाळतात. ईस्टरचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो. त्यानंतर मृगाच्या पावसापर्यंत जे सहा ते अकरा आठवडे उरतात, त्यांतच बरीच लग्ने उरकावी लागतात. हिंदू समाजाचे वैशाखातील मुहूर्तही याच काळातले. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद राहावयाची असते. त्यापूर्वीचे दिवस एकीकडे मासळी सुकविण्याच्या घाईचे, तर दुसरीकडे लग्नकार्याचे. शाळांना सुटी, रात्री मोकळ्या हवेच्या आणि पावसाची भीती नाही, असा हा काळ आहे. ज्यास आज ‘उन्हाळी सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणतात, त्याचा मूळ पाया लग्नाचा मांडव हा होय.

२००९ साली चार नगरपरिषदा व आसपासची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. या लोकसंख्येतील मोठा भाग बाहेरून येऊन स्थायिक झालेला आहे. कोकणातून आलेला चाकरमानी मे महिन्यात आपल्या गावी जातो. म्हणजे शहराचा उन्हाळी रंगमंच भरात येतो तेव्हा शहरातील प्रेक्षकांचा एक भाग गैरहजर असतो. उरलेल्यांत मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे शेजारी असतात, आणि सामवेदी, वाडवळी, कोळी या बोली बोलणारे जुने रहिवासी असतात. या सर्वांस एका दमात ‘आपण’ म्हणणे हे निवेदकाचे काम आहे. ते सोपे नाही, हे त्याच्याविषयी न्यायबुद्धीने आधीच नमूद केले पाहिजे.

(३)

मांडवातील गाण्याचे भाषिक स्वरूप प्रथम लक्षात घेऊ. हळदीच्या वेळी, वाजतगाजत पाणी आणताना, वधूची पाठवणी करताना स्त्रिया जी गाणी म्हणतात, त्यांस श्रोता असा वेगळा नसतोच. गाणे कोणास तरी उद्देशून असते. मामाने काय आणले, करवली कशी मिरवते, विहीणबाईंचा रुसवा कसा काढावयाचा, हे त्या त्या नात्यास हाक मारून विचारलेले असते. या गीतांत नावाची एक जागा रिकामी असते, आणि ज्याच्या घरचे कार्य त्याचे नाव तेथे बसते. ज्याचे नाव आले तो लाजतो, हसतो किंवा उलट उत्तर देतो. तेव्हाच गाणे पुरे होते. येथे ‘आपण’ हा शब्द उच्चारावा लागत नाही. मांडवात बसलेला प्रत्येक जण कोणाचा तरी कोणी आहे, हे नात्यांच्या संबोधनांनीच सिद्ध झालेले असते.

तेच गाणे व्यासपीठावर येते तेव्हा काय घडते? निवेदक म्हणतो, ‘आता आपण एक पारंपरिक सामवेदी लग्नगीत ऐकणार आहोत.’ वाक्य निर्दोष आहे, सौजन्याचे आहे. पण त्यातील ‘आपण’मध्ये गाणाऱ्या स्त्रिया नाहीत. त्या ऐकणार नाहीत. त्या ऐकविल्या जाणार आहेत. लाल लुगडे नेसून रांगेत उभ्या असलेल्या त्या बायका, ज्यांच्यापैकी काहींचे घर त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर असेल, एका सर्वनामाने स्वतःच्याच गावात तृतीय पुरुषी होतात. पुढे त्या गातात तेव्हा नावाची ती रिकामी जागा कशी भरावयाची, हा प्रश्न त्यांना पडतो. एका प्रयोगात लेखकाने पाहिले की तेथे ‘नवरा’ व ‘नवरी’ हे सामान्य शब्द घातले गेले. दुसऱ्या एका प्रयोगात ते कडवेच गाळले गेले. चाल राहिली, शब्द बहुतांशी राहिले, पण संबोधन गेले. आणि संबोधन गेले म्हणजे त्या गीताचे व्याकरणच बदलले.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, मोखाडा-जव्हारच्या डोंगराळ भागात, फाल्गुन ते वैशाख या काळात होणारा बोहाडा या संदर्भात तुलनेस घेण्यासारखा आहे. तेथे मुखवटे धारण केलेली सोंगे रात्रभर संबळाच्या तालावर गावाच्या वाटेवरून नाचत येतात-जातात, आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे, हे बहुधा परंपरेने ठरलेले असते. म्हणून येणारे सोंग गणपतीचे आहे एवढेच प्रेक्षकास कळते असे नाही, तर ते कोणाच्या घरचे आहे हेही कळते. प्रयोग व प्रेक्षक यांच्यामध्ये दुवा म्हणून कोणी तिऱ्हाईत उभा करावा लागत नाही. बोहाड्याचे गुणगान करण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही; मोठ्या शहरास ही व्यवस्था उचलून आणता येणार नाही, हे उघड आहे. परंतु निवेदक ही संस्था स्वाभाविक नसून जेथे परस्परओळख तुटते तेथेच ती उत्पन्न होते, एवढे त्यावरून दिसते.

(४)

नाटकांची गोष्ट थोडी निराळी आहे. गावोगावच्या हौशी मंडळींच्या उन्हाळी नाटकांत बोली येते, पण तिची जागा ठरलेली असते. नायक, नायिका, शिक्षक आणि शेवटी उपदेश करणारा गृहस्थ प्रमाण मराठी बोलतात. गडी, आजी आणि फजिती पावणारा शेजारी बोली बोलतात. ‘स’च्या जागी ‘ह’ आला किंवा कोळी पात्राने ‘पाणी’स ‘पानी’ आणि ‘डोळा’स ‘डोला’ म्हटले, की हशा पिकतो. हसणारे बहुतेक घरी तसेच बोलत असतात. १९८०मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीस मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे, तथापि त्या यशाने ‘बोली म्हणजे विनोद’ हे समीकरणही सर्वत्र दृढ केले, असे म्हणावयास हरकत नाही. वस्तुतः सामवेदी व वाडवळी यांची दखल ग्रियर्सनच्या भाषापाहणीने १९०५ साली, मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात घेतली होती. शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही ज्या बोलींना रंगमंचावर शोक करण्याची परवानगी नाही, त्यांस स्थान मिळाले असे म्हणता येणार नाही.

या नियमास लेखकाने एकदाच अपवाद पाहिला. मैदानातील एका प्रयोगात मुलगा गमावलेला बाप आपले दुःख बोलीत बोलू लागला. पहिल्या दोन वाक्यांना प्रेक्षक सवयीने हसले. तिसऱ्या वाक्यास हसू थांबले. नंतर कोणी हलले नाही. अभिनय मध्यम दर्जाचा होता, संहिता बेतास बात. तरीही त्या दोन आणि तिसऱ्या वाक्यांमधील अंतरात प्रेक्षकांनी आपल्याच भाषेविषयीचे मत बदलले होते. उन्हाळ्याच्या एका रात्री एका हौशी नाटकाने एवढे साधावे, ही सामान्य कामगिरी नव्हे.

(५)

‘आपण’ची खरी कसोटी लागते ती किल्ल्यात. मे महिन्यात वसईच्या विजयाचे स्मरण केले जाते. पोर्तुगिजांकडे १५३४पासून असलेली वसई चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतली. १६ मे १७३९ रोजी शरणागतीची कलमे ठरली आणि २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ला सोडून गेले. तेथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, आणि सेंट जोसेफच्या चर्चसह अनेक चर्चचे भग्नावशेषही आहेत. अशा प्रसंगी पोवाडे होतात, भाषणे होतात, आणि ‘आपण वसई जिंकली’ हे वाक्य कोठे ना कोठे येतेच.

हे वाक्य चूक आहे काय? पराक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्यास तसे म्हणण्याचा अधिकार आहे. परंतु ऐकणाऱ्यांत ज्यांचे पूर्वज त्या काळी याच भूमीवर शेती करणारे, मराठीचीच एक बोली बोलणारे आणि ख्रिस्ती होते, तेही बसलेले असतात. त्यांच्या दृष्टीने वसई जिंकणारे ‘आपण’ की वसईत राहणारे ‘आपण’, असा पेच उभा राहतो. या पेचातून वाट काढण्यासाठी फार दूर जावयास नको. शरणागतीच्या कलमांतच, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस धर्मपालनाची मोकळीक मान्य केलेली होती. म्हणजे जेत्यांनीही, रणधुमाळी संपताच, ‘आम्ही’ व ‘ते’ यांखेरीज एक तिसरा वर्ग ओळखला होता : येथे राहणारे. पोवाड्यात हे कलम येत नाही, कारण कलमांस वीररस नसतो. पण स्मरणाचा कार्यक्रम संपूर्ण व्हावयाचा तर निवेदकाने तरी ते वाचून दाखवावयास हवे. त्याने विजयास उणेपणा येणार नाही. उलट त्या दिवशीच्या ‘आपण’स ऐतिहासिक आधार मिळेल.

(६)

यावर एक आक्षेप येईल, व तो विचारात घेण्याजोगा आहे. मांडव आता भाड्याच्या सभागृहात गेला आहे. तेथे यंत्रावरची गाणी वाजतात. जुनी गीते जाणणाऱ्या स्त्रिया वृद्ध झाल्या. व्यासपीठ नसते, स्पर्धा नसत्या, तर आजच्या मुलींना ती गीते ऐकावयासही मिळाली नसती. अशा वेळी सर्वनामांची चिकित्सा करीत बसणे म्हणजे बुडत्यास पोहण्याची शैली शिकविणे नव्हे काय?

आक्षेपातील पहिला भाग पूर्णपणे मान्य आहे. व्यासपीठ हे शत्रू नव्हे. परंतु गीत जपावयाचे म्हणजे काय जपावयाचे, हे ठरविल्याखेरीज जपणुकीस अर्थ नाही. केवळ चाल व शब्द जपले तर ते ध्वनिमुद्रणानेही साधते. रंगमंचाने त्याहून अधिक करावे अशी अपेक्षा असेल, तर तीन साध्या गोष्टी करता येतील. गाणाऱ्या स्त्रियांपैकीच एकीने, आपल्या बोलीत, गाण्याची ओळख करून द्यावी. मग ‘आम्ही म्हणतो, तुम्ही ऐका’ असे ती म्हणेल, आणि ते ‘आम्ही’ त्या कृत्रिम ‘आपण’पेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल. गीतातील नावाची रिकामी जागा गाळू नये. समोर बसलेल्या एखाद्याचे नाव विचारून तेथे घालावे. आणि नाटककारांनी बोलीस निदान एक गंभीर पात्र द्यावे. यांपैकी कशासही पैसा लागत नाही.

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी सांगितली पाहिजे. या लेखाच्या पहिल्याच वाक्यात ‘आपल्याकडे’ असा शब्द आला आहे. त्या ‘आपल्या’त विद्यापीठातील अभ्यासक येतात, ज्यांच्या गीतांवर पुढे विवेचन केले त्या स्त्रिया येत नाहीत. क्षेत्रकार्यास जाणारा अभ्यासक ध्वनिमुद्रक पुढे करून ‘एखादे गाणे म्हणून दाखवा’ असे सांगतो, तेव्हा तोही निवेदकाचेच काम करीत असतो, आणि त्याच्याही वहीत नावाची ती जागा रिकामीच राहते. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या वह्यांत अशी अनेक गीते आहेत, ज्यांत कोणाचे लग्न होते याची नोंद नाही. येत्या वैशाखात विद्यार्थी वसईत जातील तेव्हा त्यांनी गीताबरोबर ते कोणाच्या मांडवात व कोणास उद्देशून म्हटले गेले हेही लिहून घ्यावे, एवढी सूचना करून हे विवेचन येथे थांबवितो.